बाटलीवरची पट्टी

दवाखान्यात मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे कागद चिकटवायची खळ शिजवणं. मी दहावी पास झालेली, वर्गात हाडांची नावं घडाघडा म्हणून दाखवणारी, आणि इथे स्टोव्हसमोर बसून मैद्याच्या खळीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून चमचा फिरवत होते. मला राग आला होता आणि तो मी लपवलाही नाही. कंपाउंडरकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "ढवळ गो, ढवळ. डॉक्टरांचं औषध ह्या खळीवरच चालतं."

ती ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. रत्नागिरीत मुलींसाठी दवाखान्यातल्या मदतनिसाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. आम्ही चौदा जणी होतो. सकाळी प्रत्येकीने एकेका खाजगी दवाखान्यात काम शिकायचं आणि दुपारी वर्गात बसायचं. वर्षाच्या शेवटी परीक्षा, आणि परीक्षेबरोबर त्या डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र. पत्र नसेल तर परीक्षेचे गुण कितीही असोत, प्रमाणपत्र मिळणार नव्हतं.

वडील मुंबईला एका गोदामात कारकून होते. त्यांनी मला बरोबर एक वर्ष दिलं होतं. मे महिन्यात ते यायचे होते. तोवर हातात नोकरी असेल तर ठीक, नसेल तर त्यांच्या पाहण्यातल्या एका स्थळाशी लग्न. वडील शब्दाचे पक्के होते, त्यामुळे त्यांनी दोन्हीपैकी जे होईल ते न कुरकुरता पार पाडलं असतं. मला लग्न नको होतं असं नाही. मला ते त्या मेमध्ये नको होतं, आणि एवढ्यासाठी मी रोज मिरजोळ्याहून, मावशीच्या घरून, सकाळी आठला दवाखान्यात हजर होत होते.

डॉक्टर पन्नाशीचे होते. कमी बोलत, आणि बोलत तेव्हा एकदाच सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी पेशंटची नोंदवही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "चूक होणार. झाली की रबर वापरायचा नाही, ब्लेडने खरवडायचं नाही, वर गिरवायचं नाही. एक सरळ रेघ मारायची. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. बाजूला सही करायची." मी म्हटलं, "माझ्या चुका होत नाहीत." ते पुढच्या पेशंटकडे वळले. काका मात्र आतल्या खोलीत हसले ते मला ऐकू आलं.

खरं तर मी कामाला चांगली होते. काचेच्या सिरिंज उकळणं, सुया दगडावर घासून टोक काढणं, ड्रेसिंगच्या गॉझच्या घड्या घालणं, सगळं महिन्याभरात हाताखालून गेलं. पण माझी खरी हुशारी पट्टी कापण्यात होती. तेव्हा पातळ औषध दवाखान्यातच बनायचं. पेशंट बाटली घरून आणायचे. कोकम सरबताची, खोबरेल तेलाची, आणि काही बाटल्या अशा की त्यांच्यात आधी काय होतं ते आम्ही विचारत नसू. काका त्यात औषध भरत आणि मी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवत असे. औषधाच्या उंचीएवढी अरुंद पट्टी घ्यायची, घड्या घालायच्या, कडेला कात्रीने खाचा पाडायच्या. एक खाच ते दुसरी खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळायचं. मोठ्या माणसाच्या बाटलीला सहा खुणा, लहान मुलाच्या बाटलीला बहुतेक वेळा बारा. माझ्या खाचा इतक्या सारख्या असत की काकांनी स्वतः पट्ट्या कापणं सोडून दिलं. सहा खुणांच्या पट्ट्या मी सकाळीच कापून गठ्ठा करून ठेवत असे. बारा खुणांची लागली की त्या वेळेला कापायची.

परीक्षेला महिना राहिला असताना, मार्चमधल्या एका बाजाराच्या दिवशी, दवाखाना ओट्यापर्यंत भरला होता. त्या गर्दीत राजापूर रस्त्यावरच्या एका गावातून एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाला फिट यायच्या. डॉक्टर गोळ्या कुटून पाकात मिसळायला लावत आणि ते औषध त्याला दिवसातून दोनदा द्यायचं होतं. बारा खुणा, सहा दिवस. फिट काही थांबत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी दोनदा औषध वाढवलं होतं. त्या दिवशी त्यांनी जुनंच वाढवलेलं औषध पुन्हा लिहून दिलं.

मी नोंदवही चाळली आणि मला एक गोष्ट दिसली. बाई दर वेळी बारा दिवसांनी येत होती. औषध सहा दिवसांचं, आणि बाई बारा दिवसांनी. हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं होतं. मला फार आनंद झाला. मी त्या बाईला सगळ्या पेशंटसमोर फैलावर घेतलं. "सहा दिवस पोराला औषधाशिवाय ठेवता, आणि मग फिट येतात म्हणून रडत येता? एवढा साधा हिशोब कळत नाही? पोर तुमचंच ना?" मी एकोणीस वर्षांची होते, ती असेल पंचविशीची. ती पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. मुलगा तिच्या कडेवर होता आणि माझ्या पांढऱ्या कोटाच्या गुंडीकडे हात नेत होता. मी बोलत बोलतच बाटलीला पट्टी चिकटवली, बाटली पुसली आणि तिच्या हातात दिली. ती गेली. मला अजून दोनचार गोष्टी सुनवायच्या राहिल्या असं वाटत होतं.

एक वाजता दवाखाना बंद झाला. डॉक्टर एका पेशंटला बघायला भाट्याला गेले. मी टेबल पुसायला घेतलं तर खलाच्या बाजूला कागदाची एक पट्टी लाकडाला चिकटून वाळली होती. मी ती नखाने सोडवली आणि खाचा मोजल्या. बारा होत्या. त्या दिवशी बारा खुणांची पट्टी मी एकच कापली होती.

म्हणजे त्या मुलाच्या बाटलीला मी गठ्ठ्यातली सहा खुणांची पट्टी लावून पाठवली होती. दोन्ही पट्ट्यांची लांबी तीच, पण आता एक खूण म्हणजे दोन डोस. आधीच दोनदा वाढवलेलं औषध, त्याच्या दुप्पट, चार वर्षांच्या पोराच्या पोटात. मी काकांना सांगितलं. त्यांनी बाटलीत बूच लावता लावता मान वर केली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा म्हातारा दिसला.

"डॉक्टर तीनशिवाय येत नाहीत," ते म्हणाले. "राजापूर गाडी दीडला आहे. तू जा, पट्टी बदलून ये." मी चपला घालत होते तेव्हा ते दाराशी आले. "आणि परत आलीस की गप ऱ्हा गो. पोर बरं असलं तर कुणाला सांगायचं काय कारण? तुझा महिना राहिलाय."

नोंदवहीतला गावाचा पत्ता तळहातावर लिहून, बारा खुणांची पट्टी वहीत घालून मी गाडीत बसले. वर्ग बुडवण्याची ती माझी पहिली वेळ. दीड तासाच्या त्या प्रवासातलं मला फक्त एवढं आठवतं की कंडक्टर दर थांब्यावर उतरणाऱ्यांशी गप्पा मारत होता आणि मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती. फाट्यावर उतरून वीस मिनिटं सडा, तो उघडा कातळी माळ, तुडवायचा होता. दुपारचा कातळ तापला होता आणि काजूच्या पडलेल्या बोंडांना आंबूस वास सुटला होता. मी अर्धा रस्ता पळाले.

घर सापडायला वेळ लागला नाही. बाई पडवीत काजू फोडत बसली होती. मला बघून ती उठलीच. सकाळी जिने चारचौघांत झाडलं ती आता घरापर्यंत झाडायला आली, असंच तिला वाटलं असणार.

"वहिनी, मुलगा कुठे आहे?"

"निजलाय," ती म्हणाली. मग जरा हसली. "आज बरा निजलाय. येवढा कधी निजत नाय."

आत घोंगडीवर मुलगा झोपला होता. मी त्याला हलवलं, त्याने हात झटकला आणि पुन्हा डोळे मिटले. मी त्याच्या उशाशी बसले, मावशीचं घड्याळ मनगटावरून काढून समोर ठेवलं आणि त्याच्या छातीवर नजर लावून श्वास मोजले. मिनिटाला बावीस, त्या वयाला ठीक, पण ते उतरायला नको होते. पुन्हा मोजले. बावीस. वर्गात हे मोजताना आम्ही हसायचो, कारण जिचे श्वास मोजायचे तिला हसू फुटायचं आणि आकडा चुकायचा. त्या दिवशी मी देवाचं नाव घ्यावं तसे आकडे घेत होते. आयुष्यात इतकी भीती मला आधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

मग मी बाटली मागितली. औषध पहिल्या खुणेपर्यंत उतरलेलं असणार होतं. ते अर्ध्याच खुणेपर्यंत उतरलं होतं. मी बाटली उजेडात धरून पुन्हा बघितली.

"हे एवढंच कसं दिलंत?"

ती मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागली. मी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवला नाही. तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आमी नेमी अर्धाच देताव बाय. येवा-जावात आख्खा दीस जातो. अर्धा दिला की बाटली बारा दीस पुरते. तुमी रागवाल म्हणून सांगितला नाय."

बारा दिवस. नोंदवहीत मला दिसलेले ते बारा दिवस असे होते. एक दिवसही तिने मुलाला औषधाशिवाय ठेवलं नव्हतं. ती पहिल्यापासून रोज, न चुकता, अर्धं देत होती. औषध अर्धं जात होतं म्हणून फिट थांबत नव्हत्या, फिट थांबत नव्हत्या म्हणून डॉक्टर औषध वाढवत होते, आणि ती त्याचंही अर्धं करत होती. आज मी दुप्पट पाठवलं, तिने त्याचं अर्धं केलं, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला डोस मुलाच्या पोटात पहिल्यांदा पुरा गेला. तो डोस त्याला जड होता, म्हणून तो इतका झोपला होता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग लाज वाटली. सकाळी मी तिला काय काय बोलले होते ते एकेक वाक्य आठवायला लागलं.

साडेचारच्या सुमाराला मुलगा उठला. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "ही कोण?" मग पाणी मागितलं, मग भाजलेल्या काजूसाठी रडला. एखाद्या पोराचं रडणं मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं. मी खळ आणायला विसरले होते. बाईने ताटलीत भाताची चार शितं आणून दिली. ती बोटाने चुरून मी जुनी पट्टी सोडवली आणि बारा खुणांची चिकटवली. तिला सांगितलं, रात्री औषध देऊ नका, उद्यापासून या नव्या पट्टीचं नेहमीसारखं अर्धं द्या, डॉक्टरांना विचारून निरोप पाठवते. पट्टी का बदलली ते तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सकाळबद्दल माफी मागायची हे मी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधताना ठरवलं होतं, पण तीही मागितली नाही. पाचची गाडी पकडायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांसमोर उभी राहिले. बाई अर्धं औषध देते हे त्यांना कळायलाच हवं होतं, नाहीतर पुढच्या खेपेला त्यांनी आणखी वाढवलं असतं. पण हे मला कसं कळलं? रात्रभर मी त्याचं उत्तर तयार केलं होतं.

"काल दुपारी ती बाई मला एसटी स्टँडवर भेटली," मी म्हटलं. "बोलता बोलता म्हणाली की ती अर्धंच देते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आठ महिने मी त्या बाईला औषध देतोय, मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले. मग काकांना हाक मारून त्यांनी हेच पुन्हा सांगितलं, माझं नाव घेऊन. काका "हो, हो" म्हणाले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. डॉक्टरांनी बाईला मुलाला घेऊन यायची चिठ्ठी लिहिली आणि मी ती राजापूर गाडीच्या कंडक्टरकडे दिली. त्याच दुपारी त्यांनी माझं पत्रही लिहून दिलं. सही, शिक्का, आणि शेवटची ओळ: "कामात तत्पर आणि विश्वासू." मी ते घडी न घालता मावशीच्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हेही सांगायला हवं.

चौथ्या दिवशी बाई आली. मुलगा, बाटली, आणि माझ्यासाठी कागदात बांधलेले ओले काजूगर. डॉक्टर तिच्याशी इतक्या हळू बोलले की मला काही वाक्यं ऐकू आली नाहीत. त्यांनी औषध पहिल्याइतकं कमी केलं, दोन्ही वेळा पुरा डोस द्यायचा हे तिच्याकडून वदवून घेतलं आणि बाटली पंधरा दिवसांची करून द्यायचं ठरवलं, म्हणजे तिची खेपही वाचेल. मग रिकामी करायला त्यांनी जुनी बाटली हातात घेतली आणि थांबले. पट्टीच्या कडेने भाताची शितं वाळून पांढरी झाली होती.

"ही पट्टी भाताने कोणी चिकटवली?"

"ह्या बायनीच," ती म्हणाली. तिच्या आवाजात नुसतं कौतुक होतं. "त्या दिसा घरा आलीवती तापल्या उन्हाची. पोर उठेतोवर उशाशी बसून ऱ्हायली. मंग पयली पट्टी काढलीन नि ही लावलीन. आपल्या घरातला कोण करील येवढा?"

डॉक्टरांनी एकदा पट्टीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यांना सगळं कळायला तेवढं पुरलं. ते बाईला म्हणाले, "हो, चांगली मुलगी आहे," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

एक वाजता त्यांनी मला बोलावलं. उद्या येताना पत्र घेऊन ये, एवढंच म्हणाले. मी रात्रभर मे महिन्याचा विचार केला. दुसऱ्या दिवशी पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं ते फाडतील. त्यांनी ते सरळ केलं, माझ्याकडे फिरवलं आणि आपलं पेन त्यावर ठेवलं.

"पट्टी चुकली, त्याबद्दल मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. "चुकली तशी तू उन्हातान्हात धावत गेलीस. सिरिंज उकळायला ठेवून आलोय, मी आत जातो. हे पत्र मी लिहिलं तेव्हा मला जे माहीत होतं ते लिहिलं. आता तुला जास्त माहीत आहे. काही बदलायचं असेल तर कसं बदलायचं ते तुला शिकवलंय. नसेल तर तसंच घेऊन जा, मी पुन्हा विचारणार नाही."

ते आत गेले. काका दारात उभे होते आणि हाताने नको, नको म्हणून खुणा करत होते. मला डॉक्टरांचा भयंकर राग आला. ते ओरडले असते तर मी रडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. मी दोनदा पेन उचलून खाली ठेवलं. मग "विश्वासू" या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी बघितलं, आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. काका म्हणाले, "आता कोण ठेवणार हिला कामावर?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

काकांचं म्हणणं अगदीच खोटं ठरलं नाही. परीक्षेत मी दुसरी आले. पहिल्या ठिकाणी मुलाखतीला गेले तिथे त्यांनी पत्र वाचलं, खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी पट्टीपासून एसटी स्टँडपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वडील आले. ते आल्याच्या तिसऱ्या दिवशी एका सूतिकागृहात मुलाखत होती. वडील बाहेर बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही बोट तिथेच ठेवलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी बाईला चारचौघांत बोलले तेही सांगितलं, जे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "रेघ कोणी मारली?"

"मी."

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या.

वडिलांनी स्थळाला नकार कळवला आणि मुंबईला गेले. सूतिकागृहात मी सत्तावीस वर्षं काम केलं. ते पत्र पुढे कधी कुणाला दाखवायची वेळ आली नाही, तरी ते मी जपून ठेवलंय. कडेने कागद फाटत आलाय आणि शाई तपकिरी झालीय. रेघ सरळ आहे. खालचा शब्द वाचता येतो.